आधी पत्ता, मग शाळा: म्युनिकला मुलांसह येणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पुण्यात शाळा आपण निवडतो आणि व्हॅनवाले काका मुलांना कुठूनही कुठेही पोचवतात. म्युनिकमध्ये सरकारी प्राथमिक शाळा तुमच्या पत्त्यावरून ठरते. प्रत्येक शाळेचा भाग आखलेला असतो, त्याला श्प्रेंगेल म्हणतात, आणि तुमची गल्ली ज्या श्प्रेंगेलमध्ये येते ती तुमची शाळा. प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही, फी नाही. त्यामुळे यादीतलं पहिलं काम शाळा शोधायचं नसून घर शोधायचं आहे.

कंपनी बहुतेक वेळा पहिले दोन-तीन महिने तात्पुरता फ्लॅट देते. आम्ही त्याच पत्त्यावर मुलीला शाळेत घातलं, मग कायमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळालं आणि पोरीने चार महिन्यांत दोन शाळा केल्या. पहिल्या शाळेतली एकुलती एक मैत्रीण सुटली तेव्हा ती जेवढी रडली, तेवढी भारत सोडताना रडली नव्हती. जमलं तर एकाने आधी यावं, घर घ्यावं आणि मग बाकीच्यांची तिकिटं काढावीत. ते शक्य नसेल तर निदान तात्पुरत्या फ्लॅटच्या आसपासच घर शोधा. इथे भाड्याचं घर मिळणं किती अवघड आहे ते ठाऊक असूनही सांगतेय.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, तुम्ही इथे राहायला आलात असं सांगणारा कागद लागतो. ‘राहा, पण नोंदणी करू नका’ म्हणणारा मालक भेटला तर घर कितीही छान असो, हात जोडून निघा. नोंदणीशिवाय शाळाच काय, पुढचं काहीच हलत नाही. नोंदणीचा कागद हातात आला की शाळेच्या कार्यालयाला फोन किंवा ईमेल करा. आणि ‘सहा महिने पुण्याची ऑनलाइन शाळाच चालू ठेवू’ हा बेत डोक्यातून काढून टाका. जर्मनीत शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे, घरी बसून शिकणं चालत नाही.

आता तिकडून आणायचे कागद. जन्मदाखला महापालिकेचा, मराठी-इंग्रजी असलेला आणि मुलाचं नाव घातलेला असावा. हॉस्पिटलमधून नोंद झाली तेव्हा नाव ठरलेलं नसतं आणि तो रकाना कोराच राहतो, हे अनेकांना व्हिसाच्या वेळी कळतं. जुना दाखला नुसता मराठीत असेल तर नवा काढा, नाहीतर इथे शपथबद्ध अनुवादकाकडे पैसे मोजा. शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं मूळ प्रतीत आणा, स्कॅनही ठेवा. आईबाबा दोघांच्याही सह्या शाळेला लागू शकतात, तेव्हा एक जण अजून भारतात असेल तर सहीचं पत्र आणि पासपोर्टची प्रत जवळ असू द्या.

नावाची गंमत आपल्याच लोकांना भोगावी लागते. आपल्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव असतं, आणि इथलं कार्यालय ते दोन्ही मिळून पहिलं नाव समजतं. आमच्या लेकीच्या वहीवर, खुंटीवर, हजेरीत सगळीकडे तिच्या नावाला तिच्या बाबाचं नाव चिकटलं होतं, आणि वर्गातली पोरं तिला भक्तिभावाने दोन्ही नावांनी हाक मारत होती. पहिल्याच दिवशी बाईंना सांगा की हाक मारायचं नाव कोणतं. कागदावर मात्र पासपोर्टप्रमाणेच राहू द्या.

लसीकरण कार्डाकडे नीट बघा. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळा आणि पाळणाघरांसाठी गोवरच्या लसीचा पुरावा बंधनकारक आहे, आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस झालेले असावे लागतात. आपल्याकडे एमआर किंवा एमएमआरचे दोन डोस लहानपणीच होतात, प्रश्न कार्डाचा असतो: अक्षर डॉक्टरांचं, तारीख पुसट, वर पाणी सांडलेलं. निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत टाइप केलेली यादी घ्या, लसीचं नाव, तारीख आणि शिक्क्यासह. इथला मुलांचा डॉक्टर ते सगळं पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवतो. पुरावा नसेल तर सक्तीच्या शाळेला मुलाला नाकारता येत नाही, पण आरोग्य खात्याला कळवलं जातं. पाळणाघर मात्र घेतच नाही.

कोणत्या इयत्तेत बसवतील, यावरून घरात वाद होतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण करणारी मुलं पहिलीत जातात. जुलै ते सप्टेंबरमध्ये सहाची होणारी मुलं एक वर्ष थांबवायची की नाही ते पालक ठरवतात. आपल्याकडे ही तारीख ३१ डिसेंबर आहे. म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेलं मूल महाराष्ट्रात जून २०२५ ला पहिलीत गेलं, तेच इथे सप्टेंबर २०२६ ला पहिलीत जाईल. ‘वर्ष वाया गेलं’ असं आजी फोनवर म्हणणार. म्हणू द्या. नवी भाषा शिकणाऱ्या पोराला वर्गात सगळ्यात लहान नसणं हा मोठाच आधार असतो.

एका वयाबद्दल मात्र सावध करते. इथे प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या गुणपत्रकावर पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे १ हा सर्वांत चांगला गुण आणि ६ सर्वांत वाईट, त्यामुळे पहिल्यांदा गुणपत्रक उलटंच वाचलं जातं. तिसरीच्या शेवटी किंवा चौथीत मूल आणणं टाळता आलं तर टाळा. टळत नसेल तर भाषा नवी असलेल्या मुलांना काय सवलत मिळते हे पहिल्याच भेटीत विचारा. दरवाजे कायमचे बंद होत नाहीत, मागाहूनही शाळा बदलता येते. इंटरनॅशनल शाळेचा विचार करणार असाल तर वर्षाला २० हजार युरोंच्या आसपास किंवा वर फी धरा, आणि कंपनी ती देणार का हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

सगळ्यात मोठा धक्का दुपारी बसतो. पहिली-दुसरीची शाळा आठला सुरू होते आणि कधी सव्वाअकराला, कधी सव्वाबाराला सुटते. दोघं नोकरी करत असाल तर दुपारचं काय? त्यासाठी मिटागसबेट्रॉयुंग (शाळेतच दुपारी मुलांना सांभाळण्याची सोय), होर्ट (शाळकरी मुलांचं पाळणाघर) किंवा पूर्ण दिवसाची शाळा असे पर्याय आहेत. होर्टसारख्या बऱ्याच जागांसाठी शहराच्या किटाफाइंडर पोर्टलवर अर्ज करायचा असतो, मिटागसबेट्रॉयुंगसाठी थेट शाळेत विचारायचं. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतो, पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढत जाते. मोठ्या मुलांच्या पालकांनी मात्र पत्ता मिळाल्या दिवशीच रांगेत नाव घालावं. आमचं नाव प्रतीक्षा यादीत पाच महिने होतं, आणि त्या काळात माझ्या नवऱ्याने किती मीटिंग वाळूच्या खड्ड्याशेजारच्या बाकावरून केल्या ते त्याच्या साहेबाला अजून माहीत नाही.

दप्तर भारतातून आणू नका. पहिलीच्या मुलांची इथली दप्तरं पेटीसारखी ताठ आणि चमकणाऱ्या पट्ट्यांची असतात, नवी घ्यायला २०० युरो सहज जातात, जुनी चांगल्या अवस्थेत निम्म्याहून कमीत मिळतात. वह्याही आणू नका. इयत्तेप्रमाणे रेघांचा ठरावीक क्रमांक असतो आणि विषयाप्रमाणे कव्हरचा रंग. शाळा यादी देते, ती घेऊन दुकानात जायचं. पुस्तकं बहुतेक शाळाच वापरायला देते आणि वर्षाअखेरीस परत घेते, तेव्हा त्यात पेन्सिलने गिरगटू देऊ नका. वर्गात घालायच्या सपाता आणि खेळाच्या कपड्यांची पिशवी लागते. युनिफॉर्म नाही. डबा थंडच खायचा असतो. गुंडाळलेली तूप-साखर पोळी किंवा थालीपीठ चालतं. फॉर्मवर धर्माच्या तासाचा रकाना येतो, तिथे आपली बहुतेक मुलं नीतिशास्त्राचा वर्ग घेतात.

भाषेसाठी जर्मन न येणाऱ्या मुलांचे वेगळे वर्ग असतात, त्याला डॉइचक्लासे म्हणतात. ते तुमच्याच शाळेत असतील असं नाही. काही ठिकाणी मूल नेहमीच्याच वर्गात बसतं आणि जादा तास मिळतात. पहिले तीन-चार महिने मूल शाळेत तोंडच उघडत नाही. बाईही काळजी करतात, आपणही करतो. एवढ्यासाठी घरात मोडकंतोडकं जर्मन बोलायला लागू नका. आमच्या बाईंनीच सांगितलं की घरी मराठीच बोला, जर्मन आमच्यावर सोडा. निघण्याआधी चार वाक्यं मात्र पाठ करून घ्या: मला शू लागली, मला समजलं नाही, माझं पोट दुखतंय, मी खेळायला येऊ का.

विमानाची तिकिटं बघण्याआधी राज्याचं सुट्ट्यांचं वेळापत्रक बघा. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. दिवाळी कधी शरद सुट्टीत पडते, कधी नाही. एका दिवसासाठी आधी लेखी अर्ज करता येतो. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन निघायचं धाडस नको. २०१८ मध्ये मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी अशी कुटुंबं हेरली होती, आणि दंड होतो. मूल आजारी असेल तर तास सुरू होण्याआधी शाळेला कळवायचं, नाहीतर तुमचा फोन वाजतो.

शेवटचं काम शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी करायचं. इथली मुलं लवकरच एकटी चालत शाळेत जातात. मुलाला घेऊन घरापासून शाळेपर्यंत दोनदा चालून या, सिग्नलचं बटण त्यालाच दाबू द्या, आणि परत येताना तुम्ही चार पावलं मागे राहा.