केअर सेंटर निवडताना रात्रीची माणसं मोजा

नागपुरात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की धंतोली-रामदासपेठेतला दहा-वीस खाटांचा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. बाळंतपण, अपेंडिक्स, सलाईन, चार दिवसांत घरी. हा लेख त्याबद्दल नाही. म्हाताऱ्या माणसाला उठवणं-बसवणं, डायपर, नळीतून जेवण हे घरच्यांना झेपेनासं होतं, तेव्हा महिनोन्‌महिने ठेवायची जी जागा शोधावी लागते, तिच्याबद्दल आहे. कुणी तिला केअर सेंटर म्हणतं, कुणी सरळ वृद्धाश्रम. अमेरिकेत यालाच नर्सिंग होम म्हणतात. तिथलं सरकार २००८ पासून अशा जागांना १ ते ५ तारे देतं. तपासणीत काय सापडलं, माणसं किती, राहणाऱ्यांची प्रकृती कशी, यावरून ते ठरतात. आपल्याकडे आहेत ते गुगलवरचे तारे. त्यातले निम्मे तरी भेटायला आलेल्या पाहुण्यांनी हिरवळ बघून दिलेले असावेत.

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मीही हिरवळच पाहिली होती. छोटंसं मंदिर, तुळस, भिंतीवर रंगीत चित्रं. एकोणिसाव्या दिवशी तिच्या उजव्या टाचेला रुपयाएवढा बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबानं होणारी जखम, झाला. मग मी आणि वहिनीनं पुन्हा शोधाशोध केली आणि सात ठिकाणं पाहिली. या वेळी वही घेऊन.

आधी घरी बसून लिहा

‘थोडी मदत लागते’ असं लिहू नका. संडासला एकट्यानं जाता येतं का, की दोघांनी धरावं लागतं? पाणी पिताना ठसका लागतो का? रात्री उठून फिरण्याची सवय आहे का? लघवीची नळी आहे का, इन्सुलिन किती वेळा? हे लपवलं तर पहिल्या महिन्याचं बिल ठरल्यापेक्षा वाढतं, नाहीतर ‘तुमच्या पेशंटला आम्ही ठेवू शकत नाही’ असा फोन येतो.

अंतरही लिहा. मनीषनगरात राहणाऱ्यानं काटोल रोडचं सेंटर निवडलं तर तो आठवड्यातून दोनदा न सांगता जाईल, हे मला खरं वाटत नाही.

कागद

रुग्ण ठेवून शुश्रूषा करणाऱ्या जागेला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावावं लागतं. शहरात ही नोंदणी महानगरपालिकेचा आरोग्य विभाग करतो, हद्दीबाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि मुदत वाचा. ते दुसऱ्याच शाखेचं निघू शकतं. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. हे सगळं असूनही रात्री दोन वाजता कोण उठतं ते कागदावरून कळत नाही, म्हणून इथे फार वेळ घालवू नका.

आता हिशेब

प्रत्येक ठिकाणी मी विचारलं, ‘स्टाफ किती?’ एका मॅनेजरसाहेबांनी अभिमानानं सांगितलं, ‘बारा जणं आहेत ताई, काही टेन्शन नाही, सगळं होऊन जाते.’ राहणारे तीस. ऐकायला बरं वाटतं. आता वजाबाकी करू. दोन स्वयंपाकी, एक सफाईवाला, एक रिसेप्शनला, एक चौकीदार. उरले सात. बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतात आणि प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी. म्हणजे सात जणांच्या आठवड्यात ४२ पाळ्या, दिवसाला सहा. चार दिवसा, दोन रात्री, तेही कुणाच्या घरी लग्न निघालं नाही तर.

सहा पाळ्या गुणिले बारा तास म्हणजे ७२ तास. भागिले तीस. एका माणसाच्या वाट्याला दिवसाचे २ तास २४ मिनिटं. त्यात आंघोळ, तीन वेळचं भरवणं, औषधं, डायपर, सगळं.

दुसऱ्या ठिकाणी बाईंनी जरा संकोचून सांगितलं, ‘आमच्याकडे नऊच जणं आहेत.’ राहणारे सोळा. एक स्वयंपाकी, एक सफाईवाली वजा केली की उरले सातच. तेच ७२ तास, पण भागिले सोळा, म्हणजे माणशी साडेचार तास. इमारत जुनी होती, पायऱ्यांना रंगही नव्हता. आत्या आता तिथेच आहे.

मग रात्रीचा वेगळा हिशेब करा, कारण जागा तिथेच उघडी पडते. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. असे दहा जण असले तर रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात साठ वेळा. डायपर बघून, कूस बदलून, उशी लावायला आठ मिनिटं धरा. झाले आठ तास. जड माणसाला दोघं लागतात, म्हणजे रात्रपाळीचे दोघंही आठ तास यातच गुंतलेले. उरलेल्या वीस जणांतल्या एखाद्या आजीनं घंटा वाजवली तर? मी हे विचारलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला.

संख्येइतकंच शिक्षण बघा. पांढरा ड्रेस घातला की सगळ्याच ‘सिस्टर’. जीएनएम (नर्सिंगचा मोठा कोर्स) आहेत की एएनएम (त्याहून छोटा), महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का, असं थेट विचारा. इंजेक्शन, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग त्यांनीच करायचं. मावशींचं काम भरवणं, पुसणं, उठवणं, आणि चांगल्या मावशीची किंमत कुठल्याही डिग्रीइतकीच. त्यांना बाजूला गाठून विचारा, ‘मावशी, इथे किती दिवस झाले?’ तीन-चार जणींनी ‘दोन महिने’ म्हटलं तर तिथे माणूस टिकत नाही. आणि आत्याला गोळी दह्यातून दिली तरच गिळता येते, हे नव्या माणसाला कोण सांगणार?

भलत्या वेळी जा

मालक सकाळी अकराला बोलावतात, कारण तेव्हा फरशी ओली-चकचकीत असते. पहिली भेट तेव्हा घ्या, दुसरी न सांगता, संध्याकाळी साडेसातला किंवा रविवारी दुपारी. भरवताना पाहा. आडवं ठेवून घास कोंबत असतील तर बाकी काही बघायची गरज नाही. नळीतून जेवण देतानाही डोकं उंच हवं आणि नंतर अर्धा तास तरी तसंच राहायला हवं. पाण्याचा पेला हाताला पोहोचेल इथे आहे, की खिडकीत? कुणाचे हात पलंगाला बांधलेत का? असतील तर कुणाच्या सांगण्यावरून?

नागपूरची खास गोष्ट म्हणजे उन्हाळा. पारा ४५ गाठतो आणि म्हाताऱ्यांना तहान कळत नाही. कूलर कुठल्या खोलीत आहेत आणि टाकीतलं पाणी कधी बदलतात ते विचारा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. वीज गेली तर? इन्व्हर्टरवर नुसते पंखे चालतात, की एअर बेडचा (बेडसोर टाळायच्या हवेच्या गादीचा) पंपही? पंप बंद पडला की एअर बेड हळूहळू साध्या गादीसारखा चपटा होतो, आणि हे रात्री कुणाच्या लक्षातही येत नाही.

पैसे आणि करार

महिन्याच्या दरात डायपर, ड्रेसिंग, फिजिओथेरपी येतं का? डिपॉझिट किती दिवसांत परत? प्रकृती बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, सोबत कोण जाणार? सगळं लेखी घ्या. पहिला महिना चाचणीचा म्हणून मागा. चांगली जागा असेल तर नाही म्हणत नाहीत.

ठेवल्यानंतर

दर भेटीत चादर बाजूला करून टाचा, माकडहाड आणि खुबे पाहा. लाल जागेवर बोट दाबून उचला. लाली क्षणभरही पांढुरकी झाली नाही तर बेडसोरची सुरुवात समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा हाताला आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते बघा. महिन्याला वजन करून वहीत लिहायला सांगा. तक्रार आधी सिस्टरकडे, मग मालकाकडे, आणि कुणीच ऐकलं नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आत्याची टाच भरायला अडीच महिने लागले. अजूनही गेले की आधी पाय उघडून बघते, आणि ती ओरडते, ‘अगं बाई, आधी बस तरी!’