रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यासाठी बाणाची लांबी ठरवताना आणि बाण कापताना

बाणाची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची, यातच पहिला घोळ होतो. बाणाच्या मागच्या टोकाला असलेल्या नॉकच्या ज्या खाचेत प्रत्यंचा बसते, त्या खाचेच्या तळापासून शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या नळीच्या, पुढच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे बाणाची लांबी. पुढे बसवलेल्या टोकदार पॉइंटचा बाहेर दिसणारा भाग त्यात धरत नाहीत. बाण मागवताना पॉइंटसकट मोजलेला आकडा कळवला, तर हातात येणारे बाण तेवढ्याने लांब निघतात.

लांबी ठरते ती धनुर्धराच्या ड्रॉ लेंथवरून, म्हणजे प्रत्यंचा पूर्ण ओढून हनुवटीखाली टेकवल्यावर धनुष्य आणि प्रत्यंचा यांत जे अंतर पडते त्यावरून. ढोबळ अंदाजासाठी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला 2.5 ने भागावे. हे अंतर 165 सेंटीमीटर, म्हणजे 65 इंच असेल, तर ड्रॉ लेंथ 26 इंचांच्या आसपास येते. या हिशोबावर धनुष्य निवडता येते. बाण मात्र कापू नयेत.

खरी लांबी मैदानावरच मोजावी. कमी पाउंडेजचे (ओढायला कमी जोर लागणारे) धनुष्य आणि न कापलेला पूर्ण लांबीचा बाण घ्यावा, अंग मोकळे होईपर्यंत काही बाण मारून घ्यावेत आणि मग धनुर्धराने नेहमीच्या पद्धतीने पूर्ण ओढ घेतल्यावर, बाण प्लंजरच्या, म्हणजे त्याला बाजूने आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीच्या, टोकाला जिथे टेकतो तिथे प्रशिक्षकाने शाफ्टवर खूण करावी. बाण प्रत्यंचेवर चढवलेला असताना समोर कोणीही उभे राहू नये, खूण करणाऱ्यानेही बाजूनेच हात घालावा. एकाच ओढीवर विसंबू नये. चार-पाच वेळा ओढून सर्वांत पुढे आलेली खूण धरावी, कारण नवशिक्याची ओढ दर वेळी थोडी कमी-जास्त होतेच.

या खुणेच्या पुढे नवशिक्यासाठी किमान दोन इंच शाफ्ट राहू द्यावा. बाण आखूड पडला आणि ओढताना त्याचे टोक रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) मागे घसरले, तर सुटलेला बाण थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो, किंवा रायझरवर (धनुष्याच्या मधल्या दांड्यावर) आदळून फुटू शकतो. कार्बनच्या बारीक कपच्या मांसात रुतल्या तर त्या काढणे अतिशय अवघड असते. लांब बाणाने फार तर लक्ष्यावर पडणाऱ्या बाणांचा गट थोडा विस्कटेल.

वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर मी पालकांना सरळ सांगतो की पहिला संच कापूच नका, किंवा अगदीच नाइलाज असेल तर तीन इंच राखून कापा. सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवल्यापासून त्यांची छायाचित्रे पाहून ‘आमच्याही मुलाचे बाण तसेच कापून द्या’ असा आग्रह धरला जातो. ते दोघे कंपाउंड धनुष्य वापरतात, ज्यात ओढ कुठे थांबायची हे धनुष्याच्या टोकाला बसवलेले चाक, म्हणजे कॅम, ठरवतो आणि म्हणून बाण रेस्टच्या बराच जवळ कापता येतो. रिकर्व्हमध्ये ओढ थांबवणारा धनुर्धर स्वतःच असतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाचे हात वर्षभरात चांगलेच वाढलेले असू शकतात. क्लिकर (ओढ पूर्ण झाली की ‘टक’ असा आवाज करणारी पट्टी) लावायची वेळ आली तरी लगेच करवत काढण्याची गरज नसते. पुढे बसवता येणारा क्लिकर मिळतो.

लांबीबरोबर स्पाइन, म्हणजे बाणाचा कडकपणा, बदलतो, आणि ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने चांगले महागडे संच वाया जातात. शाफ्टला 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगल्यावर तो जितका वाकतो, त्यावरून स्पाइनचा आकडा ठरतो. 500 स्पाइनचा शाफ्ट अर्धा इंच वाकतो, 1000 स्पाइनचा एक इंच. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. पण हा आकडा कोऱ्या शाफ्टचा असतो. धनुष्यातून सुटताना तोच बाण लांब असेल तर मऊ वागतो, आखूड केला तर कडक. पॉइंट जड केला तर पुन्हा मऊ. निर्मात्यांच्या तक्त्यांत लांबीतला एक इंच साधारण पाच पाउंडांच्या फरकाइतका धरलेला दिसतो, म्हणून लांबी आणि पाउंडेज हे दोन्ही आकडे तक्त्यात एकत्रच पाहावेत.

कापण्याआधी दोन बाणांवर व्हेन (मागची पिसे) न लावता ते बाकीच्या बाणांबरोबर 18 मीटरवरून मारून पाहावेत. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे हे उघडे बाण गटाच्या उजवीकडे पडले तर बाण मऊ आहेत आणि थोडे कापायला वाव आहे. डावीकडे पडले तर ते आधीच कडक आहेत, तेव्हा कापणे थांबवून जड पॉइंट लावून पाहावा. मऊ निघाले तर प्रथम फक्त हे दोनच बाण पाव इंचाने कापावेत, पुन्हा मारावेत, आणि समाधान झाल्यावरच उरलेल्या संचाला हात लावावा. ज्याचे बाण अजून एकत्र पडतच नाहीत, त्याने ही चाचणी करून काही निष्पन्न होत नाही.

कार्बन शाफ्ट लोखंडी करवतीने किंवा पाइप कटरने कापू नये. त्याचे धागे उसवतात आणि टोकाला बारीक चीर पडते. वेगाने फिरणारी अपघर्षक चकती वापरावी आणि शाफ्ट तिच्यावर न दाबता हळूहळू गोल फिरवत कापावा. कार्बनची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने एन-95 मास्क आणि चष्मा लावावा, काम घराबाहेर करावे आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. पॉइंट आधीच बसवलेला असेल तर तो कापण्यापूर्वी काढून घ्यावा, आणि निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर पुढच्याच बाजूने कापावे. कापलेली कड बारीक सँडपेपरवर सपाट करून, आतली भुकटी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून, मग पॉइंट चिकटवावा. हॉट मेल्ट गोंद वापरताना उष्णता पॉइंटला द्यावी, शाफ्टला नव्हे. तापलेल्या कार्बनमधले रेझिन सैल पडते आणि तो बाण पुढे कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही.

शेवटी सगळे बाण एका रांगेत, नॉक भिंतीला टेकवून ठेवावेत आणि पुढच्या कडा जुळतात का ते पाहावे. एखादा बाण आखूड गेला असेल तर तो सरावासाठी बाजूला काढावा. वहीत लांबी, पॉइंटचे वजन आणि त्या वेळचे पाउंडेज तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढचा संच मागवताना मोजणी नव्याने करावी लागली तरी तुलना करता येते.