जुन्या चाइमला (घरात वाजणाऱ्या बेलच्या पेटीला) व्हिडिओ डोअरबेल जोडताना
आधी बेलच्या ट्रान्सफॉर्मरवर (मेन लाइनचा व्होल्टेज बेलसाठी कमी करणारी छोटी डबी) छापलेला व्होल्टचा आकडा वाचा. बहुतेक वायरवाल्या व्हिडिओ डोअरबेलना 16 ते 24 व्होल्ट एसी लागतो. जुना 8-10 व्होल्टचा निघाला तर बदलावाच लागतो. बेल थेट मेन लाइनवर चालत असेल, तर त्या वायरींना नवी डोअरबेल मुळीच लावू नका, जिवाशी खेळ होईल.

एमसीबी बंद करून बेलचं बटण दाबा. वाजली नाही, तरच चाइमचं झाकण उघडा आणि वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आत बहुधा ‘फ्रंट’ आणि ‘ट्रान्स’ असे स्क्रू दिसतील. नव्या डोअरबेलसोबत पॉवर मॉड्यूल (चाइमला जोडायची छोटी डबी) आलं असेल, तर त्याची एकेक वायर या दोन स्क्रूंखाली घ्या. जुन्या वायरी तशाच राहू द्या. हे मॉड्यूल विसरलं, की चाइम बारीक घूं-घूं करत राहते.