विरत जाणारा स्वर ऐकत पियानो कसा शिकावा

पियानोची पट्टी दाबली की ती जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, आणि तेवढ्या प्रवासात तिने उडवलेली नमद्याची हातोडी तारेला भिडण्याच्या जरा आधीच तिच्या ताब्यातून सुटते. उरलेले अंतर हातोडी आपल्या वेगाने कापते, तारेवर आदळते आणि मागे येते. त्यानंतर पट्टी कितीही जोराने दाबून धरली तरी स्वर वाढत नाही. तो विरत जातो. पेटी वाजवणाऱ्याला भाता आहे, व्हायोलिन वाजवणाऱ्याला गज आहे, गाणाऱ्याला श्वास आहे. पियानो वाजवणाऱ्याच्या हाती मात्र हातोडीचा वेग, स्वर सोडण्याचा क्षण आणि पेडल एवढेच असते. इतक्या तोकड्या सामग्रीतून हे वाद्य गात असल्याचा भास निर्माण करायचा असतो, आणि तो करायचा तर बोटांच्या आधी कान तयार व्हावा लागतो. या लेखातल्या साऱ्या सूचना याच एका समजुतीवर उभ्या आहेत.

सुरुवात ऐकण्यापासून करावी, आणि पुष्कळ ऐकण्यापेक्षा तेच ते पुन्हा ऐकावे. जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची (एक धून आणि तिची बदलती रूपे) पियानोवादक ग्लेन गूल्डने केलेली दोन ध्वनिमुद्रणे यासाठी फार उपयोगी आहेत. पहिले १९५५ सालचे, सुमारे ३८ मिनिटांचे. दुसरे १९८१ सालचे, सुमारे ५१ मिनिटांचे. एकूण वेळेतला काही फरक पुनरावृत्त्या घेण्या-न घेण्यामुळे पडतो, म्हणून फक्त सुरुवातीची ‘आरिया’, म्हणजे मूळ धून, घ्यावी. तरुण गूल्ड ती दोन मिनिटांच्या आत संपवतो, तर अखेरच्या वर्षांतला गूल्ड तिला तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ देतो. वादक तोच, लिखित स्वर तेच. पहिल्यांदा नुसते ऐकावे, दुसऱ्यांदा फक्त सर्वांत खालच्या स्वरांच्या मागे जावे, तिसऱ्यांदा स्वर कुठे जोडले आहेत आणि कुठे तोडले आहेत एवढेच पाहावे. डाव्या हाताची ओळ मनातल्या मनात गुणगुणता येऊ लागली की कान कामाला लागला असे समजायला हरकत नाही.

वाद्याबद्दल थोडक्यात सांगतो. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. खरा पियानो मिळत असेल तर उत्तम, पण त्याचा सूर ऋतुमानाप्रमाणे ढळतो आणि वर्षातून एक-दोनदा तो जाणकाराकडून मिळवून घ्यावा लागतो. डिजिटल पियानो घ्यायचा असेल तर त्याच्या पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखे वजन आणि हातोडीची यंत्रणा हवी. स्प्रिंगवर उसळणाऱ्या हलक्या पट्ट्यांवर हळू आणि जोरात यांतले बारकावे बोटांना कळतच नाहीत. शेकडो आवाज, तयार ठेके आणि चमकणारे दिवे यांचा इथे काहीही उपयोग नाही.

बैठकीची उंची अशी ठेवावी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येईल. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पाय जमिनीवर सपाट टेकवावेत. हाताच्या ठेवणीबद्दल संगीतकार आणि पियानोवादक शॉपँची युक्ती मला सर्वांत पटते. पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वरांना ए ते जी ही अक्षरनावे आहेत; ‘शार्प’ म्हणजे त्या स्वराच्या लगेच उजवीकडची पट्टी. शॉपँ विद्यार्थ्यांना सी मेजरच्या, म्हणजे सी पासून सुरू होणाऱ्या, सरळ पांढऱ्या पट्ट्यांपासून सुरुवात करू देत नसे. उजवा अंगठा ई वर, मधली तीन लांब बोटे एफ शार्प, जी शार्प आणि ए शार्प या काळ्या पट्ट्यांवर, आणि करंगळी बी वर, अशी जागा तो दाखवत असे. लांब बोटांना उंच पट्ट्या आणि आखूड बोटांना खालच्या पट्ट्या मिळाल्यामुळे हात आपोआप नैसर्गिक वळण घेतो. आजही पहिल्या दिवशी हात असा ठेवून पाहावा, मनगट मोकळे आहे ना हे तपासावे, आणि तीच मोकळीक पांढऱ्या पट्ट्यांवर न्यावी. हात किंवा मनगट दुखू लागले तर त्या क्षणी थांबावे. संगीतकार रॉबर्ट शूमानला उजव्या हाताच्या बोटांच्या दुखण्यामुळे तरुणपणीच वादक होण्याचा विचार सोडावा लागला होता. दुखणे सोसून सराव रेटण्यात काहीच मर्दुमकी नाही.

नोटेशन, म्हणजे कागदावरची स्वरलिपी, वाचायला टाळाटाळ करू नये. पडद्यावर वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून एखादी रचना पटकन वाजवता येते, पण दुसरी रचना हाती घेताना पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. पाच रेषांचे दोन संच आणि त्यांच्या मधोमध, एका छोट्या जादा रेषेवर बसलेला मिडल सी (पट्ट्यांच्या मधल्या भागातला सी), एवढे चित्र डोक्यात पक्के करावे. पट्ट्यांवर अक्षरे लिहून चिकटवू नयेत, कारण डोळे मग कागदावर टिकत नाहीत. प्रत्येक स्वराचे नाव उच्चारत बसण्यापेक्षा आधीच्या स्वरापासून हा किती पायऱ्या वर किंवा खाली आहे हे ओळखण्याची सवय लावली, तर वाचनाला लवकर गती येते. स्वरांवर छापलेले १ ते ५ हे आकडे बोटांचे असतात. दोन्ही हातांत अंगठा म्हणजे १ आणि करंगळी म्हणजे ५. बोटे एकदा ठरवली की पेन्सिलीने लिहून ठेवावीत आणि दररोज तीच वापरावीत.

आता प्रत्यक्ष एक रचना हाती घेऊ. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’च्या पहिल्या भागातले (१७२२) सी मेजरचे पहिले प्रिल्यूड (एक छोटी रचना) काही महिने शिकलेल्या प्रौढ विद्यार्थ्यालाही पेलते आणि मुरलेल्या वादकालाही पुरून उरते. आधी आपल्या प्रतीतले बार, म्हणजे उभ्या रेषांनी पाडलेले लयीचे तुकडे, मोजावेत. ते ३५ असायला हवेत. ३६ निघाले तर २२व्या बारनंतर मागाहून कुणीतरी घुसवलेला एक बार तुमच्या प्रतीत शिरलेला आहे. मूळ हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली, ‘उरटेक्स्ट’ म्हणवणारी प्रत वापरली की ही भानगड उरत नाही.

या प्रिल्यूडमधल्या पहिल्या ३२ बारांची घडण एकच आहे. पाच स्वर खालून वर जातात, वरचे तीन पुन्हा वाजतात, आणि ही आठ स्वरांची लड तशीच्या तशी दुसऱ्यांदा येते. म्हणजे एका बारमध्ये शिकण्यासारखे स्वर पाचच. त्यामुळे पहिले काही दिवस रचना लिहिल्याप्रमाणे वाजवूच नये. प्रत्येक बारमधले पाचही स्वर एकत्र, एकाच कॉर्डसारखे दाबावेत, ती कॉर्ड विरेपर्यंत ऐकावी आणि मगच पुढच्या कॉर्डवर जावे. पहिल्या बारमध्ये सी, ई, जी, सी, ई असे सगळे सुखात नांदणारे स्वर आहेत. दुसऱ्यात खालचा सी जागचा हलत नाही, पण त्याच्या शेजारी डी येऊन बसतो आणि दोघे एकमेकांना घासतात. तिसऱ्यात तो सी नाइलाजाने एक पायरी उतरून बी होतो. चौथ्यात सगळे घरी परततात. हे घासणे आणि हे परतणे ज्याच्या कानाला जाणवले, त्याला दुसरा बार किंचित भरून आणि चौथा किंचित सैल वाजवा असे वेगळे सांगावे लागत नाही. याच रीतीने पुढे गेल्यावर २४व्या बारपासून ३१व्या बारपर्यंत, सलग आठ बार, तळाशी एकच जी धरून ठेवलेला आढळतो. वरचे स्वर बदलत राहतात, ताण वाढत जातो, आणि ३२व्या बारमध्ये तळाला सी आल्यावर पाऊल जमिनीला लागल्यासारखे वाटते. हा नकाशा कळल्यावर पाठांतर निम्मे झालेले असते.

त्यानंतर लड सुटी करावी. डाव्या हाताचे दोन्ही स्वर अर्धा बार संपेपर्यंत दाबून धरायचे आहेत, हे घाईत बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वेग इतका कमी ठेवावा की पुढच्या स्वराला बोट पोहोचण्याआधी तो स्वर मनात ऐकू आला पाहिजे. मनात ऐकू येण्याआधीच बोट पडत असेल, तर वेग जास्त आहे.

सरावाच्या बाबतीत माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिली दोन वर्षे मी प्रत्येक रचना रोज पहिल्या बारपासून सुरू करत असे आणि अडखळलो की पुन्हा पहिल्या बारकडे धावत असे. परिणाम असा झाला की प्रत्येक रचनेचे पहिले पान झकास आणि शेवटचे पान कायम कच्चे राहिले. शिवाय अडखळण्याच्या जागी नेमके अडखळण्याचाच सराव झाला. आता मी अवघड बार, त्याच्या आधीचा एक स्वर आणि नंतरचा एक स्वर, एवढाच तुकडा घेतो. तो आधी वेगवेगळ्या हातांनी, मग दोन्ही हातांनी, सलग पाच वेळा न चुकता जमला की थांबतो. काही रचना मी शेवटाकडून शिकतो: आधी अखेरचे चार बार, मग त्यांच्या आधीचे चार. त्यामुळे वाजवताना आपण अनोळखी मुलुखातून ओळखीच्या मुलुखाकडे जात राहतो आणि शेवटी धीर सुटत नाही. दररोज वीस-तीस मिनिटे मन लावून बसणे हे रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी फलदायी असते. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टकटक करणारे यंत्र, जवळ असावा, पण तो लय तपासण्यापुरता. तासभर त्याच्या टकटकीवर वाजवत राहिले तर स्वतःची लय ऐकू येणेच बंद होते. आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचे वादन मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. पहिल्यांदा लाज वाटते, पण वाजवताना कान किती गोष्टींकडे काणाडोळा करतो ते याशिवाय कळत नाही.

शिक्षक मिळाला तर जरूर करावा, निदान सुरुवातीच्या वर्षात. बोटांतला आणि खांद्यांतला अनावश्यक ताण स्वतःला क्वचितच दिसतो.

उजवे पेडल दाबले की सगळ्या तारांवरचे डॅम्पर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणारे नमद्याचे तुकडे, उचलले जातात आणि स्वर एकमेकांत मिसळू लागतात. नवशिक्या पेडल आणि कॉर्ड एकाच वेळी दाबतो, म्हणून आधीच्या कॉर्डचे अवशेष पुढच्या कॉर्डमध्ये शिरून गढूळपणा येतो. क्रम असा असावा: हात खाली जाताना पाय वर यावा आणि नवी कॉर्ड स्पष्ट ऐकू आल्यावर पाय पुन्हा खाली जावा. टाच जमिनीवरून उचलू नये. बाखच्या प्रिल्यूडच्या कॉर्डांवर हा पायाचा सराव छान होतो, पण रचना पेडलशिवाय नीट जमल्यावरच.

यापुढच्या रचना निवडताना नावाच्या मोहात पडू नये. अ‍ॅना माग्डालेना या बाखच्या पत्नीच्या १७२५च्या वहीतले जी मेजरचे मिन्युएट सुरुवातीला चांगले; ते बाखचे म्हणून प्रसिद्ध झाले, पण ते क्रिस्टियान पेट्झोल्ड या संगीतकाराचे आहे. शूमानच्या १८४८ सालच्या ‘अल्बम फॉर द यंग’मध्ये ४३ छोट्या रचना आहेत आणि बार्टोकच्या ‘मायक्रोकॉसमॉस’मध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणाऱ्या १५३. मोझार्टने १७८८ सालच्या आपल्या सी मेजर सोनाटाची नोंद ‘नवशिक्यांसाठी’ अशी केली असली, तरी त्या शब्दावर भिस्त ठेवू नये. पाचव्या बारपासून धावणाऱ्या चढत्या-उतरत्या स्वरमालिका हाताची पुरती परीक्षा पाहतात.

विरणाऱ्या स्वराचा खरा धडा मात्र शॉपँच्या ई मायनर प्रिल्यूडमध्ये (ओपस २८, क्रमांक ४) आहे. ही रचना २५ बारांची, एका पानात मावणारी. पहिल्या तीन बारमध्ये उजवा हात एक लांब बी आणि एक छोटा सी यांपलीकडे काहीही वाजवत नाही. त्या लांब बी खाली डावा हात सहा वेळा कॉर्ड वाजवतो, आणि त्या सहा ठोक्यांत बी विरत चाललेला असतो. डाव्या हाताच्या कॉर्ड एकाच जोराने पडल्या तर तिसऱ्या-चौथ्या ठोक्यालाच त्या बी ला गिळून टाकतात. म्हणून त्या पट्ट्यांवरून बोट न उचलता, पट्टी पुरती वर येण्याच्या आतच पुन्हा दाबाव्यात आणि प्रत्येक कॉर्ड उरलेल्या बी च्या खाली ठेवावी. मग सी येतो. तो बी च्या सुरुवातीच्या जोराने वाजवला तर धक्का बसतो. बी विरून जिथे पोहोचला आहे, त्या पातळीपासून सी उचलावा लागतो. यासाठी आधी डावा हात बाजूला ठेवून फक्त बी आणि सी वाजवावेत, दोघांत सहा मोजावेत, आणि सांधा ऐकू येईनासा होईपर्यंत हेच करत राहावे. शॉपँच्या अंत्यविधीच्या वेळी, १८४९ साली, हे प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवले गेले होते. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत विरत नाही, त्यामुळे त्या दिवशी तो बी कसा ऐकू आला असेल याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

२३व्या बारमध्ये संगीत अडते आणि विरामावर फर्माटाची, म्हणजे हवे तितके थांबण्याची, खूण येते. तिथे हात आणि पाय दोन्ही उचलून खरोखरची शांतता होऊ द्यावी. श्रोता अस्वस्थ होईल या भीतीने ती आटोपती घेऊ नये. त्यानंतर अतिशय हळू तीन कॉर्ड. शेवटची कॉर्ड वाजल्यावर पट्ट्या दाबूनच ठेवाव्यात, कान तारांकडे लावावा, आणि तिथे काही उरले नाही अशी खात्री झाल्यावर मगच हात उचलावा.