लाल ताऱ्याकडे टक लावू नका

दीर्घकालीन रूपविकारी ताऱ्यांची (ज्यांचं तेज महिनोन्‌महिने कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांची) सुरुवात मायरापासून करा, असं सगळे सांगतात. १५९६ मध्ये जर्मन निरीक्षक फॅब्रिशियसने टिपलेला, सुमारे ३३२ दिवसांचं चक्र असलेला तारा. मोह पडतोच. पण महाराष्ट्रातून बघणार असाल तर सिंह राशीतला लाल तारा आर लिओनिस घ्या. मघेच्या पश्चिमेला साधारण पाच अंशांवर आहे. ऑगस्टमध्ये सूर्यच त्याच्याजवळ असतो, त्यामुळे पावसाळ्यात फारसं काही हुकत नाही.

प्रत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तारा जितका मंद तितका आकडा मोठा), तुलनातारे (ज्यांची प्रत ठरलेली आहे असे शेजारचे तारे), नकाशा हे तुम्हाला येतं असं धरतो. मी फसलो ते पुढे. नीट बघावं म्हणून मी द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) त्याच्याकडे मिनिटभर टक लावून बसायचो आणि मग प्रत लिहायचो. लाल तारा जितका वेळ बघाल तितका डोळ्याला उजळ वाटत जातो. शेजारचा पांढरा तारा तसा वाढत नाही. चांदण्यात हे आणखी वाढतं. माझे आकडे इतरांच्या आलेखापेक्षा कधी ०.३ ने, कधी ०.७ ने उजळ. चूक ठरावीक असती तर वजा करता आली असती. दोन हंगामांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या, त्याचं आजही वाईट वाटतं.

एका जुन्या निरीक्षकाने शेजारी उभं राहून मोजून घेतलं: ताऱ्यावर दोन सेकंद, तुलनाताऱ्यावर दोन सेकंद, पुन्हा उलट. दोन्ही तारे दृष्टिक्षेत्राच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. फोकस किंचित बिघडवला तर ठिपक्यांच्या चकत्या होतात, तुलना सोपी जाते. असा माणूस एक रात्र मिळाला तरी पुरे. व्हिडिओ बघून हे येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि कालची प्रत किंवा अॅपमधला अंदाज आधी बघू नका. अजिबात नाही. बघितलात की डोळा तोच आकडा शोधतो.

किमानाला, म्हणजे सर्वांत मंद असताना, आर लिओनिस ११ व्या प्रतीपर्यंत उतरतो, द्विनेत्रीतून गायबच होतो. घाबरू नका. दिसलेला सर्वांत मंद तुलनातारा लिहा आणि ‘त्याहून मंद’ अशी नोंद करा. १९११ पासून चालू असलेली एएव्हीएसओ ही रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संस्था तशीही नोंद घेते. सुरुवातीला ०.३ चा फरक सगळ्यांचाच पडतो.

एप्रिलमध्ये रात्री नऊला सिंह जवळजवळ डोक्यावर येतो. आर लिओनिसच्या आधी त्याच्या शेजारचे १८ आणि १९ लिओनिस हे तारे शोधून ठेवा.