वाचनकट्टा सुरू करताय? मग लोकं अशी जमवा

गावात ग्रंथालय आहे, पुस्तकं आहेत, पण वाचलेल्यावर बोलायला कुणी भेटत नाही म्हणून कट्टा सुरू करायचा म्हणताय ना, नक्की करा. फक्त बॅनर आणि व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेच्या भरवशावर राहू नका, माणूस येतो तो त्याला नाव घेऊन बोलावलं की.

म्हणून आधी ग्रंथपालांना गाठा. कोण दर आठवड्याला पुस्तक बदलतं, कोण फक्त दिवाळी अंक नेतं, कोण आत्मचरित्रच मागतं, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. त्यातल्या सात-आठ जणांना ते स्वतः विचारतील किंवा तुम्ही समोर भेटून विचारा, पण "कार्यक्रमाला या" म्हणू नका, "काकू, तुम्ही आत्मचरित्रं खूप वाचता असं कळलं, शनिवारी एखाद्याबद्दल पाच मिनिटं सांगाल का?" असं म्हणा. मग काकू येतातच, आणि येताना मैत्रिणीला पण आणतात.

अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं तर तिथंच बसलेली असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही! चहाच्या वेळेला कट्टा ठेवा, अर्धा तास बसून जा म्हणावं, मधेच उठलात तरी चालेल.

पहिल्या दिवशी "वाचनाचे महत्त्व" वगैरे विषय अजिबात नको, प्लीज. त्यापेक्षा "तुमचं कुठलं पुस्तक कुणी नेलं आणि परतच दिलं नाही?" हे विचारा, जो कधीच बोलत नाही तोही यावर तावातावाने बोलतो, आणि बोलता बोलता ते पुस्तक का आवडायचं हे पण सांगून जातो. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक काही नको. आठ खुर्च्या गोल मांडा, जास्त आले तर अजून आणता येतात, पण रिकाम्या रांगा दिसल्या की आलेल्यांचाही हिरमोड होतो.

वार, वेळ, जागा बदलू नका, तिघंच आले तरी वेळेवर सुरू करा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली, वसंतात ती असणार हे पुणेकरांना पाठ झालंय, ते असंच वर्षानुवर्षं ठरलेल्या काळात होत राहिल्यामुळे. सुरुवातीला निमित्त हवं असेल तर 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, बघा, त्या दिवशी ग्रंथालयाला तसाही काहीतरी उपक्रम करायचा असतो, त्यामुळे हॉल सहज मिळतो.

आणि उठायच्या आधी पुढच्या वेळी कोण बोलणार ते तिथंच ठरवा. रात्री ग्रुपवर फोटोंचा ढीग टाकण्यापेक्षा कोण कुठल्या पुस्तकाबद्दल बोललं तेवढं चार ओळीत टाका, न आलेले तेच वाचून विचारतात, पुढचा कधी आहे?