फुगडी सगळ्यात शेवटी

बालगृहात मी दर बुधवारी मुलांसोबत हालचालीचे खेळ खेळायला जाते. ७-८ मुलं, एक सतरंजी, ४० मिनिटं. पाऊस असो की परीक्षा, वार मोडत नाही. घरं बदलत आलेल्या मुलांना ‘ताई बुधवारी येते’ एवढी एक गोष्ट तरी खात्रीची हवी.

दार उघडं ठेवा, दाराशी बसायची मुभा द्या. ढोलकी, हलगी नको. पहिल्याच महिन्यात मी ढोलकी वाजवली आणि एक मुलगी टेबलाखाली जाऊन बसली. कारण मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. ठेक्याला मांडीवरची थाप पुरते.

सुरुवात ‘आरशा’ने करा. मूल करेल तेच आपण करायचं. नृत्यातून उपचार करणाऱ्या अमेरिकन नर्तिका मॅरियन चेस यांनी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात याच वाटेनं रुग्णांशी बोलणं सुरू केलं, त्यांच्या हालचालीत आपली हालचाल मिसळून. माझ्याकडचा ९ वर्षांचा एक मुलगा पाच बुधवार दाराशी बसून नुसता पायाचा अंगठा हलवायचा. मीही समोर बसून अंगठाच हलवला. सहाव्या बुधवारी तो मध्येच थांबला, माझा अंगठा थांबतो का ते बघितलं आणि हसला. अशा वेळी त्याला उठवायला जाऊ नका. ‘शाब्बास’सुद्धा म्हणू नका.

हात धरायच्या आधी ओढणी. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, सैल करायची. नको वाटलं की सोडून द्यायची. मग झिम्मा, कारण त्यात टाळी लागते आणि लगेच सुटते. फुगडी सगळ्यात शेवटी. तिच्यात मागे झुकून अंगाचा सगळा भार समोरच्याच्या हातात द्यावा लागतो. काहींना वर्ष लागतं. लागू दे.

मूल थिजलं, नजर हरवली, तर खेळ थांबवा, तळपाय जमिनीवर दाबायला सांगा आणि त्याच दिवशी समुपदेशकांना कळवा. व्हिडिओ काढू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. शिवाय कॅमेरा दिसला की मूल स्वतःसाठी हलायचं थांबतं.

आमचा शेवट ठरलेला. गोलात उभं राहून तीनदा पाय आपटायचे, मग एक लांब श्वास. फॉस्टर केअरसाठी, म्हणजे काही काळ मुलाला सांभाळायला, कुटुंब ठरलं, की बाल कल्याण समितीला विचारून त्या आईबाबांना दोन-तीन बुधवार बोलवा आणि हे शिकवा. नव्या घरी पहिल्या रात्री झोपण्याआधी हेच करायचं. मूल नको म्हणालं, तर त्यांनी एकट्यानं करायचं. ते पांघरुणातून बघत असतं.